सूफी विचारातलं स्त्रीरूप: चिन्ह कुणाचं, आवाज कुणाचा?

अनवट (धागालेखक)

सूफी कविता आणि सूफींचं गद्य वाचायला घेतलं की एक कोडं लवकरच पडतं. या परंपरेत बाई कधी परमेश्वराच्या सौंदर्याचं रूप असते, कधी त्याच्यासाठी तळमळणाऱ्या जिवाचं, तर कधी त्याच जिवाला खाली ओढणाऱ्या वासनेचं. तिन्ही रूपं एकमेकांना खेटून नांदतात. मराठीत यावर फार चर्चा झालेली वाचनात नाही, म्हणून हा धागा.

फार्सी सूफी कवी रूमीच्या (१२०७–१२७३) मसनवी या दीर्घकाव्याच्या पहिल्या दफ्तरात (भागात) वाळवंटातल्या एका गरीब जोडप्याची लांबलचक गोष्ट आहे. घरात दाणा नाही म्हणून बायको नवऱ्याला फैलावर घेते. तो तिला गरिबीचं मोठेपण ऐकवतो, ती आणखी भडकते, तो घर सोडून जाईन म्हणतो, ती रडायला लागते आणि हा विरघळतो. शेवटी तिच्याच सल्ल्याने तो पावसाच्या पाण्याचा एक घडा खलिफाला नजराणा द्यायला बगदादला घेऊन जातो. तिथून तैग्रिस वाहते, याचा त्याला पत्ताच नसतो. खलिफा घडा आनंदाने स्वीकारतो, सोन्याने भरून परत करतो आणि त्याला नदीच्या वाटेने घरी धाडायला सांगतो.

नवरा विरघळतो त्या जागी रूमी गोष्ट थांबवतो. तो म्हणतो, शहाण्यावर बाईची सत्ता चालते आणि बाईवर सत्ता गाजवतो तो अडाणी, कारण त्याच्यात माया कमी आणि पशूपण जास्त. मग ती प्रसिद्ध ओळ येते: ती निव्वळ प्रेयसी नव्हे, ईश्वराचा किरण आहे, ती निर्माण झालेली नव्हे, जणू निर्माण करणारी आहे. वाचणारा इथे दिपून जातो. थोडं पुढे गेलं की तोच रूमी या गोष्टीची फोड करून सांगतो: यातला नवरा म्हणजे अक्ल, विवेक, आणि बायको म्हणजे नफ्स, सारखं काहीतरी मागत राहणारा देहभाव.

एक गोष्ट, एक बाई आणि दोन टोकं. रूमीच्या हातून ही विसंगती नकळत राहून गेली असं मला वाटत नाही. दोन्ही अर्थ त्याला हवे होते.

अभ्यासकांपैकी आनमारी शिमेल आणि साचिको मुराता यांनी पहिल्या टोकाला धरून मोलाचं लिहिलं. मुराताबाईंच्या १९९२ च्या ग्रंथात ईश्वराच्या जलाल आणि जमाल, म्हणजे दरारा आणि लावण्य, या दोन बाजूंची मांडणी चिनी यिन-यांगच्या जोडीने केली आहे. सृष्टीतल्या प्रत्येक गोष्टीत देणारं आणि घेणारं अशी दोन अंगं असतात, घेणारं अंग कमी दर्जाचं नसतं, हा त्यांचा मुद्दा. मानवशास्त्राकडून आलेले लोक मात्र दुसरा प्रश्न विचारतात. शेरी ऑर्टनर यांनी १९७४ च्या गाजलेल्या निबंधात दाखवलं की बाईला निसर्गाशी आणि पुरुषाला संस्कृतीशी जोडण्याची सवय समाजासमाजांत दिसते, आणि बाईचं देवीकरण व तिला हलकं लेखणं या दोन्ही गोष्टी त्याच सवयीतून निघू शकतात. मध्ययुगीन ख्रिस्ती भक्तीच्या अभ्यासक कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी १९८६ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं: स्त्री-पुरुष ही चिन्हं समाजाचा आरसा असतीलच असं नाही, ती समाजाला उलटंही करतात, आणि तेच चिन्ह पुरुष एका तऱ्हेने वापरतो, बाई दुसऱ्या तऱ्हेने.

माझं म्हणणं बायनमबाईंच्या जवळ जाणारं आहे. चिन्ह किती उंच बसवलंय यावरून खऱ्या बाईची जागा ठरत नाही. ते चिन्ह कुणाच्या तोंडी आहे, कुठे उच्चारलं जातं आणि उच्चारणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. इथल्या जाणकारांनी भर घालावी, खोडून काढायचं तर तेही करावं.


शुक्रतारा

सुरेख सुरुवात. वाचनखूण साठवली आहे. एक प्राथमिक शंका. नफ्स म्हणजे षड्रिपू समजायचे का? आणि त्याला बाईच का केलं? वासना तर पुरुषालाही असते, किंबहुना हे सगळं लिहिणारे पुरुषच होते.


मुसाफिर

शुक्रताराताई, नफ्स म्हणजे षड्रिपू नव्हेत. नफ्स म्हणजे ‘मी’, जीव. अरबीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि तिथून पुढे कवींनी त्याला बाईचं शरीर दिलं: हट्टी, नटवी, फसवी. पण कुराणात नफ्सच्या तीन अवस्था येतात आणि त्या तिन्ही ध्यानात घेतल्या तर चित्र बदलतं. पहिली अम्मारा, वाईटाचा हुकूम सोडणारी (१२:५३). दुसरी लव्वामा, स्वतःला दोष देणारी (७५:२). तिसरी मुत्मइन्ना, शांत झालेली. तिला ८९व्या सूऱ्याच्या (अध्यायाच्या) शेवटी हाक मारली आहे की तू संतुष्ट होऊन, संतुष्ट करून आपल्या प्रभूकडे परत ये. म्हणजे खाली ओढणारी तीच आणि शेवटी घरी बोलावली जाणारीही तीच. या प्रवासाची नायिका बदलत नाही.

पहिल्या अवस्थेचं वचन यूसुफ पैगंबराच्या कथेतलं आहे, हा योगायोग नाही. यूसुफवर भाळलेली ती बाई (कुराणात तिला नाव नाही, पुढच्या परंपरेने तिला जुलेखा केलं) सुरुवातीला नफ्स-अम्माराचा नमुना मानली गेली. पण फार्सी कवी जामीने १४८३ मध्ये तिच्यावर जे काव्य रचलं त्यात तीच साधक झाली. ती म्हातारी होते, आंधळी होते, मूर्ती फोडते, खऱ्या देवाला शरण जाते आणि मग तिला तारुण्य आणि यूसुफ दोन्ही मिळतात. वासनेला दडपलं नाही, तिची दिशा वळवली. मला तरी वाटतं की सूफींच्या हातून स्त्रीप्रतिमेला मिळालेलं हे सर्वांत मोठं दान आहे.

आता सूफी तत्त्वचिंतक इब्न अरबी, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुढे सरकणार नाही. ११६५ मध्ये अंदलूसमधल्या (मुस्लिम स्पेनमधल्या) मुर्सियात जन्म, १२४० मध्ये दमास्कसला मृत्यू. त्यांच्या फुसूस अल-हिकम या ग्रंथात सत्तावीस पैगंबरांवर सत्तावीस प्रकरणं आहेत आणि शेवटचं मुहंमदांवर. त्याचा आधार ही हदीस (पैगंबरांचं वचन): या जगातल्या तीन गोष्टी मला प्रिय करण्यात आल्या, स्त्रिया आणि सुगंध, आणि माझ्या डोळ्यांचा गारवा प्रार्थनेत ठेवला गेला. यातली मधली गोष्ट, सुगंध, अरबीत पुल्लिंगी आहे. व्याकरणाच्या सर्वसाधारण नियमाने तिघांत एक पुल्लिंगी आला की आकड्याचं रूप पुल्लिंगी गणनेचं हवं, पण हदीसमध्ये ते स्त्रीलिंगी गणनेचं आहे. इब्न अरबी तिथे थबकतात आणि म्हणतात, अरबीवर असं प्रभुत्व असलेल्या माणसाने हे मुद्दाम केलं. दोन स्त्रीलिंगांच्या मध्ये एक पुल्लिंग ठेवलं, जसा आदम हा ज्या परमतत्त्वातून तो आला (त्यासाठीचा अरबी शब्द ‘जात’ हाही स्त्रीलिंगीच) आणि जी त्याच्यातून आली ती हव्वा, या दोघींच्या मध्ये उभा आहे.

त्याच प्रकरणात ते ठाम विधान करतात की सत्याचं स्त्रीमध्ये होणारं दर्शन हे सर्वांत पूर्ण दर्शन आहे, कारण तिथे पुरुषाला ईश्वर कर्ता आणि ग्रहणकर्ता अशा दोन्ही रूपांत एकदम दिसतो.


रोखठोक

मुसाफिर, तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘तिथे पुरुषाला दिसतो.’ पाहणारा पुरुष आणि जिच्यात पाहायचं ती बाई. मग बाईने ईश्वर कुणात पाहायचा? आरशाला कितीही सोन्याची चौकट लावली तरी पाहणारा दुसराच असतो.

मला या सगळ्या उदात्त प्रतीकांबद्दल मनापासून शंका आहे आणि ती स्पष्ट मांडतो. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात आतल्या मजारीपर्यंत (संताच्या कबरीपर्यंत) बायकांना पूर्वी जाता येत होतं, मग विश्वस्तांनी ते बंद केलं. मुस्लिम महिला कार्यकर्त्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि नोव्हेंबरात त्या पुन्हा आत गेल्या. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात बायका आजही आतल्या खोलीच्या जाळीपाशी बसतात. त्याच अंगणात कव्वाल बाईचा आवाज घेऊन ‘मी तुझी दासी, मी तुझी नवरी’ गातात. बाईचं रूपक आत जातं, बाई बाहेर राहते. याला काय म्हणायचं?

फार्सी सूफी कवी अत्तारचं राबियावरचं वाक्यही इथे आलं पाहिजे. बसऱ्याची संत राबिया (मृत्यू ८०१) हिला पुरुष संतांच्या रांगेत का बसवलं याचं समर्थन करताना तो म्हणतो की ईश्वराच्या वाटेवर बाई पुरुष झाली की तिला बाई म्हणता येत नाही. म्हणजे मोठेपणाचं नावच पुरुष! बाईला मोठं व्हायचं तर आधी बाईपण टाकून यायचं.


अनवट

रोखठोक, तुमचा राग मला रास्त वाटतो आणि पाहणारा कोण हा प्रश्न तर धाग्याचा गाभाच आहे. पण अत्तारचं वाक्य आणखी एका बाजूने पाहावं लागतं. सूफींच्या भाषेत मर्द, रिजाल (पुरुष) हे शब्द शरीरासाठी नव्हेत, धैर्यासाठी वापरतात. त्याच न्यायाने कितीतरी दाढीवाल्यांना ते ‘बायका’ ठरवतात. यामुळे शरीर आणि पात्रता यांची गाठ सुटते खरी, पण शब्दांतली उतरंड तशीच राहते. हे दोन्ही एकाच वेळी घडतं. सूफी संत बाबा फरीदांच्या काळातल्या दिल्लीच्या बीबी फातिमा साम यांच्याबद्दल निजामुद्दीन औलियांच्या परंपरेत एक वचन येतं: जंगलातून सिंह बाहेर आला की तो नर की मादी असं कुणी विचारत नाही. अत्तारपेक्षा हे मला उजवं वाटतं, कारण यात बाईला काही टाकून यावं लागत नाही.

आता पाहणाऱ्याबद्दल. मानवशास्त्रज्ञ कॅरल डिलेनी यांनी तुर्कस्तानात, अनातोलियातल्या एका गावात राहून १९९१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या गावात गर्भधारणेची समजूत अशी की बी पुरुषाचं, जमीन बाईची. जीव बियात असतो, जमीन त्याला पोसते. डिलेनी म्हणतात, ही जननाची समजूत आणि एकमेव निर्मात्या ईश्वराची कल्पना एकमेकींना टेकू देतात. बीज-क्षेत्राची ही भाषा आपल्या स्मृतिग्रंथांतही आहेच.

इब्न अरबींचं सृष्टिशास्त्र वरवर पाहिलं तर हेच आहे. लेखणी आणि पाटी. लेखणी म्हणजे आद्य बुद्धी, पाटी म्हणजे विश्वात्मा; लेखणी लिहिते, पाटी घेते आणि त्या निकाहातून जग जन्मतं. असे निकाह त्यांच्या मते अस्तित्वाच्या प्रत्येक पायरीवर चालू आहेत. पण त्यांनी त्याला जी कलाटणी दिली ती डिलेनींच्या गावात नाही. पाटी खालच्याला देते तेव्हा तीच लेखणी होते आणि लेखणी वरच्यासमोर पाटी असते. कर्तेपण आणि ग्रहण ही नाती आहेत, कुणाची कायमची जात नाही. ईश्वरासमोर तर सगळंच विश्व ग्रहण करणारं. त्यांच्या एका कवितेत याचा भाव अगदी सरळ येतो: आमच्यात जे जन्माला घातलं जातं त्यामुळे आम्ही सगळ्या स्त्रियाच; देवाची स्तुती असो, या विश्वात पुरुष असा नाहीच; आणि रूढी ज्यांना पुरुष म्हणते ते तर बायकाच आहेत.

हे वाचून ‘मग खऱ्या बायकांना काय मिळालं’ असं तुम्ही विचाराल. इब्न अरबींच्या बाबतीत तरी उत्तर कोरडं नाही. फुतुहात या आपल्या ग्रंथात त्यांनी लिहून ठेवलं आहे की कुत्बपदासकट (संतांच्या उतरंडीतलं सर्वोच्च पद) सगळे आध्यात्मिक दर्जे बायकांना खुले आहेत. बाईला स्त्री-पुरुष दोघांच्या नमाजाची इमामत (पुढे उभं राहून नेतृत्व) करता येते की नाही यावर मतं मांडून स्वतःचं मत ‘करता येते’ असं दिलं आहे. आणि हे आभाळातून पडलं नाही. तरुणपणी सेव्हिलला ते नव्वदी ओलांडलेल्या फातिमा बिंत इब्न अल-मुसन्ना या साधिकेच्या सेवेत होते, तिच्यासाठी बोरूची झोपडी त्यांनी बांधून दिली. ती त्यांना म्हणायची, मी तुझी आध्यात्मिक आई. दक्षिण आफ्रिकेच्या विदुषी सादिया शेख यांनी २०१२ च्या ग्रंथात हाच धागा पकडून इब्न अरबींचं स्त्रीवादी वाचन केलं आहे; त्यांच्यातल्या पितृसत्ताक ओळीही त्यांनी झाकलेल्या नाहीत.


दख्खनी_वाचक

या चर्चेत विजापूर यायलाच हवं. सतराव्या शतकात तिथल्या चिश्ती पंथाच्या सूफींच्या वर्तुळात दख्खनी बोलीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले गेले. बायकांनी दळता-कातताना म्हणायची ही पदं. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ च्या लेखात आणि पुढे विजापूरच्या सूफींवरच्या ग्रंथात त्यांच्याकडे लक्ष वेधलं.

एका चक्कीनाम्याची मांडणी सांगतो. जात्याचा खुंटा उभा, म्हणून तो अलिफ, अल्लाहचं पहिलं अक्षर. मधला आस म्हणजे मुहंमद, त्यावर सगळं फिरतं. मग ‘या बिस्मिल्ला, हू हू अल्लाह’ असा पालुपदाचा ठेका. दळणाऱ्या बाईचा हात खुंट्यावर, श्वास फेऱ्याबरोबर आत-बाहेर आणि तोंडात नाव. खानकाहमध्ये (सूफींच्या मठात) पुरुष जो जिक्र (नामस्मरण) बसून, श्वास मोजत करतात, तोच पहाटेच्या अंधारात दाणे ओंजळीने टाकत चालू आहे. जात्यावरच्या ओव्यांत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. आपल्या ओवीत विठ्ठल जातं ओढायला येतो, इथे जात्याचीच अक्षरं होतात.

ईटन यांचं म्हणणं असं की सूफींचे जाडजूड फार्सी ग्रंथ दख्खनच्या सामान्य घरांत कधी गेले नाहीत. गेली ती ही पदं, आणि ती बायकांमुळे गेली. आई आणि आजी दळताना जे म्हणतात ते मांडीवरचं पोर ऐकतं. त्यामुळे ‘बाई बाहेर राहते’ हे रोखठोक यांचं म्हणणं दर्ग्यापुरतं खरं आहे. घरातला धर्म बाईच्या कंठातून वाढला.

फक्त एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: ज्यांची नावं आपल्यापर्यंत आली ते रचणारे पुरुष होते. बाईच्या श्रमाला त्यांनी साधनेचा दर्जा दिला, आणि त्याच दमात बाईची साधना जात्यापाशीच बसवली.


सारंगी

मी गाण्याच्या बाजूने लिहिते. अरबी परंपरेत लैला म्हणजे ईश्वर आणि मजनू म्हणजे साधक. प्रियतमा वर, पुरुष तिच्यासाठी वेडा. फार्सीत सर्वनामाला लिंगच नाही, त्यामुळे प्रिय व्यक्ती बाई की तरुण हे कवी मोकळं सोडू शकतो. भारतीय उपखंडात आल्यावर मात्र चित्र पार फिरतं. इथे साधक बाई होतो आणि ईश्वर पुरुष. इथल्या लोकगीतात विरहिणी आधीपासून होती, भक्तीत होती, ज्ञानदेवांच्या अभंगांत आहे. सूफी कवींनी ती उचलली. सूफी कवी जायसीच्या १५४० च्या पद्मावत या काव्यात तर दोन्ही चाली एकत्र आहेत: पद्मावती ही शोधायची ज्योत आणि रतनसेन शोधणारा, हा फार्सी वळणाचा भाग, आणि मागे चितोडला बारा महिने झुरणारी त्याची राणी नागमती, हा देशी.

सिंधचे शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९–१७५२) यांच्या काव्यात नायिकांची रांगच आहे. ससुई, मारुई, सोहनी, मूमल, नूरी. राजवाड्यात डांबलेली मारुई दागिने झिडकारते आणि आपल्या माळरानाच्या लोकांसाठी झुरते. हा जीव आणि त्याचं मूळ घर. ससुई आपल्या पुन्हूच्या, प्रियकराच्या, मागे डोंगर तुडवते. भिटशाहला त्यांच्या मजारीसमोर फकीर तंबोऱ्यासारख्या दंबुऱ्यावर ही पदं गातात तेव्हा मधेच आवाज एकदम वर, बाईच्या पट्टीत चढवतात. दाढीमिश्यांचे धिप्पाड पुरुष, आणि गळ्यातून निघणारी ती चिरकी, ताणलेली हाक. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ही नक्कल नाही. इथे पुरुष आपलं पुरुषपण खाली ठेवतो, कारण ते घेऊन त्या दारात जाता येत नाही.

अहमदाबादचे फकीर मूसा सदासुहाग त्याहून पुढे गेले. बांगड्या, लाल वस्त्रं, सौभाग्यवतीचा वेश. आख्यायिका अशी की दुष्काळात लोकांनी त्यांना साकडं घातलं तेव्हा त्यांनी आभाळाकडे पाहून नवऱ्याला, म्हणजे ईश्वराला, दम दिला, पाऊस पाड, नाहीतर या बांगड्या फोडते. आणि पाऊस पडला.

‘उर्स’ म्हणजेही लग्नच. संताची पुण्यतिथी हा मीलनाचा दिवस. संदल, मेंदी, चादर, सगळा थाट लग्नघराचा. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात रूमीची पुण्यतिथी, १७ डिसेंबर, ‘शबे-अरूस’, लग्नाची रात्र, म्हणून पाळतात. शमीम बर्नी अब्बास यांनी २००२ च्या पुस्तकात पाकिस्तान-हिंदुस्थानातल्या सूफी गायनातल्या या स्त्रीआवाजाचा अभ्यास केलाय. त्यांचं मत असं की तो आवाज पुरुषांनी उसना घेतला असला तरी त्यामुळे गाणाऱ्या बायकांनाही दर्ग्याच्या परिसरात जागा मिळाली. पाकिस्तानी गायिका आबिदा परवीन गातात तेव्हा उसनं काहीच उरत नाही.


केवडा

इतका वेळ वाचत होते. बायनमबाईंचं ‘तेच चिन्ह पुरुष एका तऱ्हेने, बाई दुसऱ्या तऱ्हेने’ हे वाक्य सुरुवातीला आलं, पण बायकांचे स्वतःचे शब्द अजून आले नाहीत.

इराणातल्या निशापूरचे सूफी लेखक सुलमी (मृत्यू १०२१) यांनी सूफी साधिकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. ते हरवलं असं शतकानुशतकं मानलं जात होतं. १९९१ मध्ये रियाधला हस्तलिखित सापडलं आणि पुढे रकिया कॉर्नेल यांनी १९९९ मध्ये ते इंग्रजीत आणलं. त्यात ऐंशीच्या आसपास बायका आहेत. त्या गुरू आहेत, शिष्य आहेत, पुरुषांना तोंडावर चूक सांगणाऱ्या आहेत. निशापूरच्या फातिमाला जुन्नून मिसरीसारखा बडा सूफी ‘माझी गुरू’ म्हणतो. या छोट्या नोंदींत नवरी नाही, आरसा नाही, ईश्वराचा किरण नाही. उपवास, भीती, प्रेम, निष्ठा आणि रोखठोक वाक्यं आहेत.

सूफी लेखक हुजविरीने सांगितलेली बल्खच्या फातिमाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही अमीराची मुलगी. तिने सूफी अहमद इब्न खिजरूयाला निरोप धाडला, माझ्या वडिलांकडे मला मागणी घाल. तो तयार होईना. तिने पुन्हा निरोप पाठवला: तू वाट दाखवणारा असशील असं वाटलं होतं, वाट अडवणारा निघालास. लग्न झालं. पुढे दोघं प्रसिद्ध सूफी बायजीद बिस्तामीकडे गेले, तेव्हा ती चेहऱ्यावरचा पडदा दूर करून त्याच्याशी मोकळेपणी बोलू लागली. नवऱ्याला ते झोंबलं. ती म्हणाली, तू माझ्या देहाचा सोबती, हा माझ्या वाटेचा. त्याला माझी गरज नाही, तुला आहे. मग एके दिवशी बायजीदची नजर तिच्या हातावर गेली आणि त्याने विचारलं, मेंदी का लावलीस? तिने तिथल्या तिथे सांगितलं: तुम्ही माझा हात आणि त्यावरची मेंदी पाहिली नव्हती तोवर तुमच्यासमोर मला मोकळं वाटत होतं. आता नजर माझ्यावर पडली, ही सोबत संपली.

ही बाई कुणाचं चिन्ह व्हायला तयार नाही. पाहणारा पाहू लागला त्या क्षणी ती उठली. आणि हुजविरी हे सगळं आदराने लिहितो. तोच माणूस लग्नाबद्दलच्या प्रकरणात जगातल्या संकटांचं मूळ बाई असं म्हणून जातो.

दमास्कसच्या आइशा अल-बाऊनिया (मृत्यू १५१७) यांनी तर ग्रंथच रचले. पश्चात्ताप, निष्ठा, जिक्र आणि प्रेम या चार तत्त्वांवरचा त्यांचा ग्रंथ उपलब्ध आहे, पैगंबरस्तुतीची कवनं आहेत. आपण बाई आहोत याचं भांडवल नाही आणि त्याबद्दल क्षमायाचनाही नाही. पुरुष जसं लिहितात तसं अधिकाराने लिहिलेलं. पुरुष सूफी बाई होण्यासाठी धडपडतो. ही बाई सरळ साधक म्हणून बोलते. बायनमबाईंनी ख्रिस्ती जोगिणींबद्दल असंच काहीसं पाहिलं होतं: उलटापालट करायची निकड पुरुषाला जास्त, कारण टाकून द्यायला सत्ता त्याच्याकडे असते.


रोखठोक

केवडाताई, ही मेंदीची गोष्ट वाचून बरं वाटलं. माझ्या मनातलं तिने हजारावर वर्षं आधी बोलून ठेवलंय.

तरीही अधिकाराचा प्रश्न सुटत नाही. बाबा फरीदांबद्दल सांगतात की त्यांची मुलगी बीबी शरीफा इतकी पोचलेली होती की ते म्हणाले, बाईला खिलाफत (गुरूपदाचा वारसा) देणं रीतीत असतं तर हिलाच दिली असती. बापाने लेकीची योग्यता ओळखली, जाहीरही केली, आणि रीत मोडली नाही. साधनेत बाई शिखरावर जाऊ शकते, पण शिष्य करून घेण्याचा शिक्का तिच्या हाती येत नाही. शहाजहानची मुलगी जहाँआरा कादरी पंथात मुल्ला शाहची शिष्या होती, तिने आपल्या साधनेवर पुस्तक लिहिलं, चिश्ती संतांवर लिहिलं. तरी तो शिक्का तिच्या हाती आला नाही. मुघल शहजादीची ही कथा, तर बाकीच्यांचं काय असेल?


अनवट

रोखठोक, शिक्क्याचा मुद्दा अगदी बरोबर. त्याला जोडून एक क्षेत्राभ्यास सांगतो, कारण तो रीत आणि व्यवहार यांच्यातली फट फार जवळून दाखवतो.

जॉइस फ्लूकिगर यांचं २००६ चं पुस्तक हैदराबादच्या एका मुस्लिम वैदू-साधिकेबद्दल आहे. लोक तिला अम्मा म्हणत. पुस्तकातलं चित्र असं. तिचा नवरा मुर्शिद (गुरू), मुरीद (शिष्य) करून घेण्याचा अधिकार त्याचा. तिला तो नाही, बाई म्हणून नाही, आणि हे तीही मान्य करते. पण उपचाराच्या खोलीच्या दारात रोज रांग लागते ती अम्माकडे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. आजारी मूल, पळालेला नवरा, बुडालेला धंदा. ती बसून कागदावर अरबी अक्षरं आणि आकडे लिहिते, कागद दुमडून ताईत करते, कुठला गळ्यात बांधायचा, कुठला पाण्यात भिजवून प्यायचा, कुठला जाळायचा ते सांगते. लिहिणं हे तिचं काम. लेखणी बाईच्या हातात आहे. इब्न अरबींच्या सृष्टिशास्त्रात लेखणी पुरुषाकडे आणि पाटी बाईकडे, असं धरून चालणाऱ्या कुठल्याही वाचकाने या खोलीत बसून पाहावं.

आणि ती म्हणते, जगात जाती दोनच, बाई आणि पुरुष. हिंदू-मुसलमान वगैरे फरक तिने एका वाक्यात पुसले, तो एक फरक मात्र ठेवला. कारण तो तिला रोज भोगावा लागतो आणि त्याच्या आतच तिने आपली जागा केली आहे. अधिकृत पद नवऱ्याचं असल्यामुळे खोली उभी राहिली, आणि खोली चालते तिच्यामुळे.

सुदानच्या उत्तरेला जॅनिस बॉडी यांनी अभ्यासलेला झार हा संचाराचा विधी (१९८९) याच्या शेजारी ठेवावासा वाटतो. तिथे बायकांच्या अंगात परके जीव येतात आणि त्या जिवांच्या तोंडून बाई एरवी बोलता न येणारं बोलते. आय. एम. लुईस यांनी १९७१ मध्ये अशा संचाराला दुबळ्यांचं हत्यार म्हटलं होतं. बॉडींनी ते अपुरं ठरवलं. त्यांच्या मते बाईला तिथे स्वतःच्या आयुष्याकडे बाहेरून पाहता येतं. झार सूफी विधी नव्हे, आणि सूफी वर्तुळांतल्या पुरुषांनी त्याला पुष्कळदा खालचं लेखलं. पण भिटशाहचा फकीर आवाज चढवून बाई होतो तेव्हा ती साधना ठरते, आणि झारमध्ये बाई तुर्की अधिकारी होऊन सिगारेट ओढते तेव्हा तो आजार ठरतो. लिंग ओलांडायची मुभा दोघांनाही आहे, त्याची किंमत मात्र वेगवेगळी लागते.

केवडाताई, फातिमाच्या मेंदीवर मुसाफिर यांचं मत ऐकायला आवडेल. इब्न अरबी म्हणतात बाईत पूर्ण दर्शन घडतं, आणि फातिमा म्हणते नजर पडली की सोबत संपली. दोन्ही सूफीच.


मुसाफिर

अनवट, दोघांत विरोध आहे असं मला वाटत नाही. बायजीदने पाहिलं ते दर्शन नव्हतं, ती नजर होती. इब्न अरबी स्वतः हा फरक करतात: स्त्रीवर निव्वळ देहाच्या ओढीने प्रेम करणाऱ्याला आपण कुणाचा आस्वाद घेतोय हेच कळत नाही, त्याच्या हाती आत्म्याविना आकृती राहते, असं त्याच फुसूसच्या प्रकरणात आहे. मक्केत त्यांना एका इस्फहानी विद्वानाची निजाम नावाची मुलगी भेटली, तिच्यावरून त्यांनी कविता रचल्या, त्यावर अलेप्पोच्या फकिहांनी (धर्मशास्त्र्यांनी) बोट ठेवलं आणि त्यांना प्रत्येक ओळीवर टीका (भाष्य) लिहून अर्थ सांगावा लागला. ती टीका वाचताना मात्र रोखठोक यांची शंका मलाही छळते. प्रस्तावनेत निजामचं वर्णन आहे: विदुषी, वाक्पटू, तपस्विनी. पण टीका जसजशी पुढे जाते तसतशी ती मुलगी विरत जाते आणि ईश्वरी ज्ञानाच्या संज्ञा तिची जागा घेतात. निजामने त्या कवितांवर स्वतःची टीका लिहिली असती, तर मी ती इब्न अरबींच्या आधी वाचायला घेतली असती.